बारीक कणांचा अश्मा

वडिलांचा अश्मा १९९४ सालच्या जानेवारीत, दहाव्याच्या आदल्या दिवशी दुपारी, काशीतल्या आमच्या रामघाटच्या घराच्या ओसरीवर हरवला. तो घराबाहेर गेला नाही. ओसरीवर एका परातीत दगड वाळत ठेवले होते, त्यांत तो मिसळला.

कर्ता खांद्यावर पाण्याचं मडकं घेऊन चितेभोवती फिरतो, तेव्हा त्या मडक्याला ज्या दगडाने भोक पाडतात तो अश्मा. गेलेल्या माणसाचा जीव दहाव्यापर्यंत त्या दगडात राहतो असं आमच्या लोकांत मानतात. रोज त्याच्यावर तिळाचं पाणी देतात आणि दहाव्या दिवशी तो नदीत सोडतात. मधेच हरवला तर नवा दगड घेऊन पहिल्या दिवसापासून सगळं पाणी पुन्हा द्यायचं, असा नियम आहे. मग जुन्या दगडात होता तो जीव कुठे राहतो, हे नियमात नाही. आईला तेवढंच हवं होतं. वडील कुठेतरी अडकून पडू नयेत.

कर्ता माझा मोठा भाऊ. दादा विद्यापीठात भूशास्त्र शिकवायचा आणि त्यातही गाळाचे खडक हा त्याचा विषय. मी एका हिंदी दैनिकात डेस्कवर होते. वडिलांच्या निधनाची बातमी मीच लिहिली. चार ओळी झाल्या. पान लावणाऱ्याने एक ओळ कापली, ती त्यांच्या वेदपाठशाळेतल्या नोकरीची होती.

वडील पहाटे गेले. दादा त्या वेळी विद्यार्थ्यांना घेऊन चुनारच्या पलीकडच्या खाणींत होता. खाणीच्या कचेरीतल्या फोनवर निरोप गेला. तो दगडाच्या ट्रकमध्ये बसून आला आणि घरी न येता थेट मणिकर्णिकेवर उतरला. खांद्याला नमुन्यांची कॅनव्हासची पिशवी तशीच होती. बायका तिथे जात नाहीत, त्यामुळे मीही नव्हते. पुढचा तपशील दादाने सांगितलेला आहे, आणि गुरुजींनीही वेगळा विचारल्यावर तोच सांगितला.

गुरुजी म्हणजे आमच्याच गल्लीतले, दादाबरोबर गिल्लीदंडा खेळलेले, वडिलांच्या हाताखाली वेद शिकलेले. एरवी त्यांच्या झोळीत एखादा दगड असतो. त्या दिवशी नव्हता. त्यांनी दादाला सांगितलं, "बघ रे आसपास, दगड असेल तर." आसपास लाकडं होती, राख होती, विटांचे तुकडे होते. वीट चालत नाही, ती माणसाने भाजलेली असते.

"काशीत दगड नाही," दादा नेहमी सांगायचा. गंगेने आणलेला गाळ इथे इतका खोल आहे की विहीर खणणाऱ्यालाही खडक लागत नाही. घाटाच्या पायऱ्या, बुरूज, देवळं, आमच्या घराचा उंबरठा, सगळा दगड नावेतून चुनारकडून आलेला. पायरीचा दगड कोणी मडक्यासाठी उपटत नाही. दादाने पिशवीत हात घातला, मुठीत मावणारा एक तुकडा काढला आणि गुरुजींना दिला. त्याच तुकड्याने मडकं फोडलं.

विद्यार्थ्यांबरोबर गोळा केलेल्या नमुन्यांवर नंबर घालायचे ते संध्याकाळी मुक्कामावर. त्या संध्याकाळी दादा मुक्कामावर नव्हता. पिशवीतल्या एकाही दगडावर नंबर नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्याने पिशवी ओसरीवर रिकामी केली, खाणीचा चिखल धुतला आणि दगड जुन्या पितळी परातीत उन्हात ठेवले. सुतकात कॉलेज नव्हतं, पूजा नव्हती, दाढी नव्हती. त्याला हाताला काहीतरी काम हवं होतं. परातीच्या वरच्याच कोनाड्यात अश्मा होता. पानाच्या द्रोणात, दर्भाने बांधलेला. घराच्या आत तो आणत नाहीत. दोन्ही गोष्टींना ओसरी हीच जागा होती.

त्या दिवसांत आमच्या घरी कोणी फारसं रडलं नाही. आई सकाळी दोन कप चहा करायची. वडील उठल्या उठल्या एक आणि संध्या झाल्यावर एक असा चहा घ्यायचे. तो दुसरा कप मी पिऊन टाकायचे.

नवव्या दिवशी दुपारी माकडं आली. रामघाटाला ती रोज येतात. वाळवण, साबण, चष्मा, जे सापडेल ते नेतात. एका माकडाला द्रोणातले तीळ आणि जव दिसले. मी भांड्यांचा आवाज ऐकून बाहेर आले तेव्हा माकड छपरावर होतं, द्रोण आणि दर्भ त्याच्या हातात होते. कोनाडा रिकामा होता. तीळ सगळ्या परातीभर सांडले होते.

मी दादाला हाक मारली. तो आला, परातीकडे बघून उभा राहिला. आत हात घातला नाही.

आई मागून आली. तिला सांगावं लागलं नाही.

"यात आहे ना?" ती म्हणाली.

"यातच आहे."

"मग काढ."

दादा बसला. गळ्यातलं भिंग त्याने सुतकात काढून ठेवलं होतं, ते मला आणायला सांगितलं. अॅसिडची ड्रॉपरवाली बाटलीही आणायला सांगितली. सुरुवातीला आईने हरकत घेतली नाही.

गाळाच्या खडकांबद्दल मला जे माहीत आहे ते दादाकडून आणि मुख्यतः वडिलांच्या समोर ऐकलेलं आहे. वडील नळाचं पाणी पीत नसत. गंगेचं पाणी तांब्याच्या हंड्यात भरायचं, श्रावणात ते गढूळ असायचं, आणि एक दिवस निवळू द्यायचं. नोकरी लागली त्या वर्षी दादाने प्रयोगशाळेतून एक उंच काचेचं नळकांडं घरी आणलं, हंड्याच्या तळचं पाणी त्यात ओतलं, ढवळलं आणि वडिलांच्या समोर ठेवलं. वाळू लगेच खाली बसली. तिच्यावर बारीक गाळ बसायला बराच वेळ लागला. सगळ्यात बारीक माती दुसऱ्या दिवशीही पाण्यात तरंगत होती.

"डोंगर झिजतो, नदी आणते, वेग कमी झाला की टाकते," दादा म्हणाला. "जड आधी, हलकं नंतर. असे थरावर थर."

"हा दगड कधी होणार?" वडिलांनी विचारलं.

"वरून आणखी गाळ पडत राहिला की खालचा दाबला जातो. मधलं पाणी निघून जातं. मग पाण्यात विरघळलेला चुना नाहीतर सिलिका कणांच्या फटीत बसते आणि त्यांना चिकटवते. झाला दगड."

"किती दिवस?"

"दिवसांत नाही हो, अण्णा."

"मग मी उठतो. संध्या राहिलीय."

पण ते उठले नाहीत. दादाने आपल्या पेटीतले तुकडे मांडले. पहिला वर्ग, फुटलेल्या खडकांच्या कणांपासून झालेले. गोटे चिकटले की पिंडाश्म, वाळू चिकटली की वालुकाश्म, चिखल दाबला गेला की पंकाश्म, आणि तो पापुद्र्यासारखा सुटत असेल तर शेल. दुसरा वर्ग, पाण्यात विरघळलेलं होतं ते मागे राहून झालेले, जसं मीठ, जिप्सम, काही चुनखडक. तिसरा, जिवांच्या अवशेषांचे, म्हणजे शिंपल्यांचा चुनखडक किंवा झाडांचा कोळसा.

"पहिल्या वर्गात नाव कणाच्या मापावरून ठेवता?" वडील म्हणाले. "गोत्र विचारत नाही?"

"गोत्र नंतर. कण कुठल्या डोंगरातला, वाहत किती लांब आला, ते त्याच्या गोलाईवरून कळतं. लांबून आलेला घासून गोल होतो."

"आणि आमचा शाळिग्राम?"

"काळ्या शेलमधला गोळा. आत समुद्रातल्या प्राण्याच्या शंखाचा ठसा आहे. हिमालयाच्या जागी समुद्र होता."

"समुद्र होता आणि त्यात विष्णू होता," वडील म्हणाले. "मग नवीन काय सांगितलंस?" आणि संध्येला गेले. नंतर शेजारी कोणी आलं की ते दादाची ओळख "आमचा दगडांचा वैदिक" अशी करून द्यायचे. ते कौतुक होतं की टोमणा, हे दादाने कधी विचारलं नाही.

परातीकडे परत येते. दादाने पहिल्यांदा अॅसिड काढलं, चुनखडकावर ते फसफसतं; मग आईकडे बघितलं आणि थांबला. अश्म्यावर अॅसिड पडलं असतं. त्याने बाटली बाजूला ठेवली आणि डोळ्यांनीच चुनखडक वेगळे केले, करडे, नखाएवढ्या चाकूने ओरखडा उठणारे. चाकूही त्याने फक्त ज्यांची खात्री होती त्यांच्यावरच चालवला. मग शेल. ते थरांवरून आणि मऊपणावरून लगेच गेले. एक पिंडाश्म होता, त्यातले गोटे मलाही दिसत होते. तो गेला.

वालुकाश्म उरले. चुनारचा दगड वालुकाश्मच आहे. दादाने भिंगाखाली एकेक धरला. भरड कणांचे वेगळे. ज्यात तिरपे थर दिसत होते, वाऱ्याने किंवा प्रवाहाने वाळू ढकलली की पडतात तसे, तेही वेगळे. त्याने मणिकर्णिकेवर पिशवीतून काढला तो बारीक कणांचा होता, फिका, मधून एक तांबडी रेघ गेलेला, हे त्याला नक्की आठवत होतं. मुठीत मावणारा होता. मोठे तुकडे गेले.

एका तुकड्याचे कण वाळूचे की त्याहून बारीक, हे भिंगातून ठरेना. दादाने तो तुकडा उचलून समोरच्या दातांशी नेला.

"अरे, तोंडात काय घालतोस!" आई ओरडली.

दादाचा हात तिथेच राहिला. भूशास्त्राचे लोक असंच करतात. दाताला करकरलं तर वाळूचे कण, गुळगुळीत लागलं तर चिकणमाती. त्याच्या विद्यार्थ्यांना तो पहिल्याच आठवड्यात हे शिकवायचा. त्याने तुकडा खाली ठेवला आणि हात धोतराला पुसला.

"सवयीने," तो म्हणाला.

"वडिलांना चावशील सवयीने."

मला हसू आलं. आईलाही आलं असावं, कारण तिने तोंडावर पदर घेतला. दादा हसला नाही.

तो तुकडा पाण्याने ओला करून, पुन्हा भिंगाखाली धरून बाद झाला. शेवटी दोन राहिले. दोन्ही फिके, दोन्ही बारीक कणांचे, दोन्हींतून तांबडी रेघ. दोन्हींवर तीळ चिकटलेले होते, पण तीळ तर परातीतल्या प्रत्येक दगडावर होते. मडक्याच्या मातीचा तांबडा डाग असेल म्हणून त्याने दोन्ही फिरवून पाहिले. तांबडे डाग दोन्हींवर होते, दगडातल्याच लोखंडाचे. त्याने सांगितलं की दोन्ही एकाच थरातले आहेत, त्याने स्वतः हातोड्याने एकामागोमाग काढले होते.

"कोणता?" आईने विचारलं.

"सांगता येत नाही."

"तू प्रोफेसर ना दगडांचा?"

"मी जात ओळखतो, आई. दोघांची एकच आहे. वाळू एकाच किनाऱ्यावर पडली, एकाच वेळी दाबली गेली. पृथ्वीवर झाड नव्हतं की मासा नव्हता, तेव्हाची."

"मला मासा नकोय. मला कोणता ते सांग."

"रोज पाणी दिलंय त्याच्यावर. आतपर्यंत मुरलं असेल. बाहेरून दोन्ही सारखेच वाळलेत. फोडून आतला ताजा भाग बघितला तर कदाचित..." त्याने पिशवीतून हातोडा काढला होता. बोलता बोलता काढला असावा. तो हातात आहे हे त्याला आमच्या चेहऱ्यांवरून कळलं.

"हातोडा ठेव," आई म्हणाली.

त्याने ठेवला.

मग ती त्याच्यासमोर बसली. आवाज चढवला नाही. "हे बघ. कोणताही एक उचल आणि मला सांग, हाच म्हणून. मी पुन्हा विचारणार नाही. गुरुजींनाही सांगायची गरज नाही."

दादा दोन्ही दगडांकडे बघत राहिला. ऊन ओसरीवरून सरकून भिंतीवर गेलं. आई उठून आत गेली आणि कणीक मळायला बसली. दोन्ही दगड दादाने नव्या द्रोणात ठेवले आणि द्रोण कोनाड्यात. कोनाड्यासमोर त्याने खाट उभी केली.

दहाव्या दिवशी सकाळी धुकं होतं. आई आणि मी घाटाच्या वरच्या पायऱ्यांवर थांबलो. पुढचं मी स्वतः पाहिलेलं आणि ऐकलेलं आहे.

दादाने द्रोण गुरुजींसमोर ठेवला. गुरुजींनी दोन दगड पाहिले.

"हे काय? जुळं झालं?"

दादाने माकडाची हकीकत सांगितली. गुरुजींनी कपाळाला हात लावला.

"देख यार, कर्ता म्हणेल तो अश्मा. तू उचललास, तू दिलास. तूच म्हण, हा. मी मान्य करतो."

"दोन्हींपैकी एक आहे. कोणता, माहीत नाही."

"माहीत नसेना का. म्हण. वरती काकू उभ्यात."

"म्हणता येतं," दादा म्हणाला. "पण माहीत नाही ते नाहीच."

"अण्णांसारखाच आहेस तू. एक स्वर चुकला की पूर्ण अध्याय पुन्हा म्हणायला लावायचे." गुरुजींनी दर्भाची जुडी सोडली. "हरवला असता तर नवा घेऊन पहिल्यापासून सांगितलं असतं. हा हरवलेला नाही. दोन अश्म्यांचा विधी मला माहीत नाही. न सोडला तर दोष आहे. जास्तीचा सोडला तर दोष आहे असं कुठे वाचलेलं आठवत नाही." मग त्यांनी दर्भाची दोन वळी केली. "दोन्ही मांड. पहिल्या दिवसापासून."

पहिल्या दिवसापासूनचं सगळं पाणी दादाने पुन्हा दिलं, प्रत्येक वेळी दोन्ही दगडांवर. गुरुजी मंत्र म्हणत होते. थंडीने दादाची बोटं पांढरी पडली होती. धुकं उठलं, पलीकडची वाळू दिसू लागली. एक नावाडी गिऱ्हाईक मिळेना म्हणून आमच्याजवळ पायरीवर बसून बिडी ओढत होता. त्याने विचारलं, "बहनजी, दो लोग गए हैं का?"

"नहीं," मी म्हटलं. "एक."

पिंड मांडले. कावळा लगेच शिवला. रामघाटावर कावळे भरपूर आहेत.

त्याच नावाड्याच्या नावेतून दादा आणि गुरुजी मधल्या पाण्यात गेले. दादाने दोन्ही दगड दोन्ही हातांत धरले होते. त्याने ते एकदमच सोडले. कोणता आधी बुडाला हे त्याला मी नंतर विचारलं. त्याने बघितलं नव्हतं.

तो पायऱ्या चढून वर आला तेव्हा आईने विचारलं, "कोणता निघाला?"

"दोन्ही दिले."

आईने त्याच्या खांद्यावरचं ओलं उपरणं काढून पिळलं. "चालेल," ती म्हणाली. "त्यांचं चहाचंसुद्धा एकाने भागायचं नाही."

आम्ही गल्लीतून घरी आलो. परातीतले बाकीचे दगड अजून ओसरीवर होते. दादाने त्यांवर त्याच दुपारी नंबर घातले.

होळीनंतर त्याने ते विभागात नेऊन दिले. गाळाच्या खडकांची शिकवायची पेटी तिथे एका लांब टेबलावर असते, लाकडी, कप्प्याकप्प्यांची, प्रत्येक कप्प्यावर दादाच्या अक्षरात चिठ्ठी. पुढच्या हिवाळ्यात शहरातल्या संग्रहांवर एक लेख करायचा होता म्हणून मी तिथे गेले आणि पेटी पाहिली. पिंडाश्म होता. भरड वालुकाश्म होता, तिरप्या थरांचा होता, शेल होती, चुनखडक होता. वालुकाश्माच्या ओळीत एका कप्प्यावर "बारीक कणांचा, तांबडी रेघ" अशी चिठ्ठी होती. त्या कप्प्यात दगड नव्हता.